जोतीरावांचा 'मानव महंमद' आणि १८९३ ची मुंबई

१/
मुंबईत कोळीवाडा म्हटला की आज शीव, वरळी, माहीम ही नावे पुढे येतात. बंदराला लागून असलेल्या मांडवीच्या कोळीवाड्याचे नाव मात्र इतिहासात एका सभेमुळे टिकून आहे. ११ मे १८८८ रोजी तेथील सभागृहात जमलेल्या लोकांसमोर रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते जोतीराव गोविंदराव फुले यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली. जोतीरावांच्या सार्वजनिक कार्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

२/
या महात्म्याने इस्लामच्या पैगंबरांवर मराठीत काव्य लिहिले आहे, हे पाठ्यपुस्तकांतून सहसा कळत नाही. 'मानव महंमद' हे त्याचे शीर्षक. फुले जन्माने मुसलमान नव्हते आणि त्यांनी तो धर्म स्वीकारलाही नाही. मग अरबस्तानातील सातव्या शतकातल्या एका धर्मसंस्थापकाविषयी पुण्याच्या एका माळी कुटुंबातील विचारवंताला एवढा आदर का वाटला? आणि त्या सभेनंतर पाचच वर्षांनी मांडवीपासून काही मिनिटांच्या अंतरावर हिंदू-मुसलमानांची दंगल पेटली, तेव्हा फुल्यांच्या अनुयायांनी काय केले? या धाग्याचा विषय हाच आहे.

३/
सुरुवात पुण्यापासून करावी लागते. लहानग्या जोतीची शाळा मध्येच सुटली होती. माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचे, असे त्याच्या वडिलांच्या मनात भरवण्यात आले होते. मुलाची बुद्धी ओळखून गोविंदरावांची समजूत घातली ती दोन शेजाऱ्यांनी. एक फारसी शिकवणारे गफार बेग मुन्शी, दुसरे लिजीट साहेब. त्यानंतर १८४१ मध्ये जोतीरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा नाव घातले. परधर्मीयांविषयीचे त्यांचे पहिले धडे पुस्तकातून आलेले नाहीत. ते असे शेजारातून आले.

४/
१८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. त्या कामातही मुसलमान सोबत होती. सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आपण आजारपणामुळे माहेरी असताना शाळेच्या कामाचा सगळा भार तिच्यावर पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. तात्पर्य, 'मानव महंमद' लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर इस्लाम ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हती. त्या धर्माची माणसे त्याच्या घराच्या आणि शाळेच्या वावरात होती.

५/
वैचारिक पाया दुसरीकडून आला. १८४७ च्या सुमारास फुल्यांच्या हाती टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' पडले. सर्व माणसे जन्मतः समान हक्कांची धनी आहेत, हा त्या ग्रंथाचा गाभा. धर्माच्या बाबतीत पेन याहून कठोर होता. 'एज ऑफ रीझन'मध्ये त्याने मोझेस, येशू आणि महंमद या तिघांविषयीच्या दैवी साक्षात्काराच्या कथा एकाच न्यायाने नाकारल्या. ईश्वराकडे जाण्याची वाट प्रत्येकाला सारखीच मोकळी असताना मध्यस्थ कशाला, असा त्याचा सवाल होता. फुल्यांनी मध्यस्थ नाकारले. महंमदाला मात्र आदराचे स्थान दिले. हा फरक महत्त्वाचा आहे.

६/
त्या काळी युरोपात महंमदाविषयी काय लिहिले जात होते, तेही पाहिले पाहिजे. १७४१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या व्हॉल्तेरच्या नाटकात तो धर्मवेडा आणि कपटी होता. टॉमस कार्लाइलने मे १८४० मध्ये लंडनला व्याख्यान देऊन या समजुतीवर हल्ला चढवला. भोंदू माणसाला विटांचे साधे घरही उभारता येत नाही, मग कोट्यवधी लोक बाराशे वर्षे ज्यावर श्रद्धा ठेवून जगतात तो धर्म तो कसा उभारील, असा त्याचा युक्तिवाद होता. इस्लामबाहेरच्या माणसाने केलेल्या महंमदस्तुतीचे उदाहरण म्हणून हे व्याख्यान आजही सर्वाधिक सांगितले जाते.

७/
परंतु कार्लाइलला महंमद आवडला तो 'वीरपुरुष' म्हणून. सामान्यांनी थोरांपुढे नतमस्तक व्हावे, हे त्याच्या संपूर्ण ग्रंथाचे सूत्र. याच कार्लाइलने १८४९ मध्ये वेस्ट इंडीजमधील मुक्त झालेल्या गुलामांविषयी लेख लिहिला आणि त्यांना सक्तीने कामाला लावावे असे सुचवले. म्हणजे महंमदाचा प्रामाणिकपणा त्याला भावला. काळ्या माणसाचे समान माणूसपण मात्र मान्य झाले नाही. एकाच व्यक्तीचा आदर दोन माणसे पूर्णपणे वेगळ्या कारणांसाठी करू शकतात, ते येथे दिसते.

८/
फुल्यांचा रोख उलट दिशेला आहे. 'मानव महंमद' त्यांच्या 'अखंड' रचनांपैकी एक. तुकोबांच्या अभंगाचा साचा घेऊन त्यांनी हा प्रकार घडवला. त्यातला महंमद सत्यासाठी संसाराचे सुख सोडणारा आहे, खोटा धर्म टाकून द्या असे जगाला बजावणारा आहे, आणि माणसामाणसांत कोणी श्रेष्ठ नाही व कोणी दास नाही असे सांगणारा आहे. त्याच्या लढाया, चमत्कार किंवा साम्राज्य यांचे कौतुक फुले करीत बसत नाहीत. त्यांना दिसते ती बंधुभावाने एकत्र आलेली माणसे.

९/
शीर्षकातील 'मानव' हा शब्द येथे निर्णायक आहे. 'पैगंबर' किंवा 'हजरत' हे शब्द मराठीला अपरिचित नव्हते. फुल्यांनी 'मानव' निवडला. ईश्वराला ते 'निर्मिक' म्हणत आणि निर्मिकाचा अवतार, पुत्र किंवा खास दूत ही कल्पना त्यांच्या विचारात बसत नव्हती. त्यामुळे श्रद्धावान मुसलमानाला जे सर्वांत प्रिय, ते प्रेषितत्व, या कवितेच्या केंद्रस्थानी नाही. तेथे एक माणूस आहे आणि त्याने काय केले याचा गौरव आहे. बाहेरच्या माणसाच्या आदराचे बळ यात आहे, आणि त्याची मर्यादाही.

१०/
समतेची ही प्रतिमा फुल्यांना का भिडावी, हे समजण्यासाठी इस्लामी परंपरेतील एक प्रसंग आठवावा. बिलाल हा हबशी गुलाम. इस्लाम स्वीकारल्याबद्दल त्याच्या मालकाने त्याला तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर शिळा ठेवली. पुढे तो मुक्त झाला आणि मदिनेत अजान देण्याचा मान महंमदाने त्यालाच दिला. मक्का जिंकल्यावर काबावरून अजान दिली, तीही बिलालने. देवळाच्या पायरीपाशी ज्यांना अडवले जाई, त्यांच्यासाठी झगडणाऱ्या माणसाला अशा समाजाची कल्पना किती मोलाची वाटली असेल!

११/
गुलामगिरीचा प्रश्न फुल्यांच्या लेखनाच्या मध्यभागी होता. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. भट-भिक्षुकाच्या मध्यस्थीशिवाय लग्न लावता येते, देवाची पूजा करता येते, हे समाजाने कृतीने दाखवले. मशिदीत जन्मजात पुरोहितवर्ग नसतो आणि राजा व मजूर एकाच रांगेत उभे राहतात, ही गोष्ट अशा चळवळीच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

१२/
येथे एक सावधगिरी हवी. इस्लामने गुलाम मुक्त करणे हे पुण्यकर्म ठरवले, पण गुलामीची प्रथा रद्द केली नाही. पुढील अनेक शतके मुस्लिम राजवटींत गुलामांचा व्यापार चालू होता, आणि दख्खनच्या सुलतानशाह्यांत हबशी गुलामच आणले जात. मलिक अंबरसारखा एखादा त्यातून राज्यकारभाराच्या शिखरावर पोहोचला, ही गोष्ट निराळी. फुल्यांची कविता म्हणजे अरबस्तानचा इतिहास नाही. आपल्या समाजात जे हवे होते, त्याचे चित्र त्यांनी दूरच्या एका चरित्रात पाहिले.

१३/
महंमदाचा गौरव म्हणजे सर्व मुस्लिम सत्ताधीशांचा गौरव, असेही त्यांनी मानले नाही. १८६९ मध्ये छत्रपती शिवाजीराजे भोसले यांच्यावर पवाडा रचणारे फुलेच. त्यांचा शिवाजी सुलतानांशी लढणारा, कुळवाड्यांचा राजा आहे. एका लेखणीतून शिवरायांचा पवाडा आणि महंमदाचा अखंड, दोन्ही उतरले. आज या दोन्हींमध्ये विरोध शोधला जातो. फुल्यांना तो जाणवला नाही. रयतेची बाजू कोण घेतो आणि माणसाला माणूस कोण मानतो, ही त्यांची कसोटी दोन्हीकडे एकच होती.

१४/
मांडवीच्या सभेनंतर थोड्याच दिवसांत, १८८८ च्या जुलैमध्ये, फुल्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक विलक्षण कुटुंब येते. आई बौद्ध धर्माचा अभ्यास करून तो स्वीकारील, वडील बायबल वाचून ख्रिस्ती होतील, मुलगी कुराण वाचून मुसलमान होईल, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होईल. आणि तरीही सगळ्यांनी एका घरात प्रेमाने नांदावे.

१५/
या कुटुंबात कुराण मुलीच्या हाती दिले आहे, ही साधी बाब नाही. ज्या पुण्यात मुलीने बाराखडी गिरवणे पाप मानले जाई, तेथे मुलगी धर्मग्रंथ स्वतः वाचते, तपासते आणि निवडते. तिला कोणी बाटवलेले नाही, कोणी घराबाहेरही काढलेले नाही. त्याच पुस्तकात फुले असेही सांगतात की थोर पुरुषांनी रचलेल्या सर्व धर्मग्रंथांत त्या त्या काळाला अनुसरून काही ना काही सत्य आहे. म्हणजे कुराणाविषयी आदर आहे, पण अखेरचा शब्द म्हणून नाही. तो मान ते कोणत्याही ग्रंथाला देत नाहीत.

१६/
हा झाला विचारवंताचा आदर. महाराष्ट्रात इस्लामच्या आद्य पुरुषांविषयीचा आदर आणखी एका रूपात नांदत होता आणि तो याहून जुना होता. मोहरमात गावोगाव पीर बसत, पंजांना फुले वाहिली जात, डोले-ताबूत निघत. महंमदाचा नातू हुसेन इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या रणात तहानलेला मारला गेला, त्याची ही स्मृती. मराठे, माळी, कोळी, धनगर नवस बोलत, मुलाला फकीर करत, सरबत वाटत. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत आजही हिंदू-मुसलमान मिळूनच उभारतात.

१७/
दोन्ही आदरांत फरक आहे. नवस फेडणाऱ्याला करबलाचा इतिहास माहीत असेलच असे नाही; त्याला पीर पावतो, एवढे पुरेसे असते. फुल्यांना नवस-सायास मुळीच मान्य नव्हते. त्यांना विचार हवा होता. पहिला आदर गावाच्या रीतिभातीत रुजलेला, दुसरा पुस्तकात आणि सभेत मांडलेला. रीतिभात एका हंगामात बदलू शकते, आणि पुस्तक फार थोड्यांच्या हाती पोहोचते. १८९३ साली या दोन्हींची परीक्षा झाली.

१८/
त्या वर्षी काठेवाडातील प्रभासपाटण येथे मोहरमात दंगा झाला. त्याच्या बातम्यांनी आणि गोरक्षणाच्या वादाने मुंबई आधीच तापली होती. शुक्रवार, ११ ऑगस्ट १८९३ रोजी दुपारच्या नमाजानंतर जामा मशिदीतून बाहेर पडलेला जमाव हनुमान गल्लीतील देवळाकडे वळला आणि दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी गिरणगावातील हिंदू कामगार रस्त्यावर उतरले. देवळे आणि मशिदी, दोन्हींवर हल्ले झाले. लष्कर बोलवावे लागले. मृतांची संख्या पाऊणशेच्या घरात गेली.

१९/
याच गिरण्यांमध्ये फुल्यांचे एक निकटचे सहकारी काम करत होते. नारायण मेघाजी लोखंडे. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले 'दीनबंधु' त्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणले. १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तीही त्यांच्या प्रयत्नांमुळे. आता तोच कामगार हाती काठी घेऊन शेजारच्या वस्तीवर चालून गेला होता.

२०/
लोखंड्यांनी या वेळी आपल्याच लोकांची मर्जी सांभाळत बसण्याचा मार्ग पत्करला नाही. ते शांततेच्या कामाला लागले आणि दंगलीनंतर भायखळ्याच्या राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा ऐक्यमेळा भरवला. १८९५ मध्ये सरकारने त्यांना 'रावबहादूर' किताब दिला तो याच कामगिरीबद्दल. दोन वर्षांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगग्रस्त मुंबईत सेवा करतानाच त्यांना मृत्यूने गाठले. फुल्यांच्या कागदावरच्या कुटुंबाला या माणसाने बागेच्या मैदानात जागा करून दिली, असे म्हणता येईल.

२१/
कवितेने दंगल थांबत नाही, हे खरेच. सत्यशोधकांच्या सभांना येणाऱ्या जातींतलीच माणसे त्या जमावातही होती. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. परधर्माच्या संस्थापकाकडे आदराने पाहायला शिकवणाऱ्या चळवळीतून आलेला पुढारी, जमाव भडकला असताना कोणत्या बाजूला उभा राहिला, हे त्या चळवळीच्या शिकवणीचे मोजमाप आहे. लोखंडे मध्ये उभे राहिले. आदराची किंमत शांततेच्या दिवसांत कळत नाही; ती ऑगस्ट १८९३ सारख्या आठवड्यात मोजावी लागते.

२२/
दंगलीचे परिणाम खोल गेले. १८९३ मध्येच गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. १८९४ पासून पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने उत्सवाला व्यापक रूप आले, आणि त्याच वर्षी शहरातील बहुसंख्य हिंदूंनी मोहरमाकडे पाठ फिरवली. गणेशोत्सवाने पुढे राष्ट्रीय चळवळीला मोठे बळ दिले, हे निर्विवाद. पण ताबुतापुढे नाचणारी पुण्या-मुंबईची मेळेवाली मंडळी एका वर्षात दिसेनाशी झाली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. खेड्यांत मात्र पीर बसतच राहिले.

२३/
फुल्यांना गुरू मानणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विषयाची दुसरी बाजू मांडली. दादरच्या 'राजगृहा'त राहत असताना, १९४० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी १९०१ च्या बंगालच्या जनगणनेतील अश्रफ, अजलाफ आणि अर्जल या वर्गांचा दाखला दिला. भारतीय मुसलमानांतही जातिभेद आहे, हे त्यांनी स्पष्ट दाखवले. फुल्यांनी महंमदाच्या शिकवणीत जी समता पाहिली, ती तिच्या अनुयायांच्या समाजात तशीच उतरली नव्हती. गुरूच्या आदराला शिष्याने दिलेली ही आवश्यक जोड आहे.

२४/
आणि मग फाळणी झाली. सिंध-पंजाबातून उठलेली हजारो कुटुंबे मुंबईत आली. त्यांतील पुष्कळांना शीव कोळीवाड्याच्या छावणीत आसरा मिळाला. पुढे तेथील 'कोळीवाडा' स्थानकाचे नाव गुरू तेग बहादूर नगर झाले. मांडवीच्या कोळीवाड्यातील सभेपासून शीव कोळीवाड्यातील निर्वासितांच्या बराकींपर्यंत साठ वर्षांचे अंतर आहे. एका घरात चार धर्म नांदतील असे लिहिणाऱ्या माणसाच्या देशात, एका धर्माच्या शेजाऱ्याला दुसऱ्याच्या भीतीने घर सोडावे लागले.

२५/
तरीही ती परंपरा तुटली नाही. १९२२ ते १९२४ या काळात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी मौलाना शिबलींनी लिहिलेले पैगंबरचरित्र उर्दूतून वाचले आणि सुटकेनंतर त्याविषयी लिहिले. रायगड जिल्ह्यातील गागोद्याचे विनोबा अरबीतून कुराण शिकले आणि त्यांनी त्याचे सार काढले. साने गुरुजींनी मराठी वाचकांसाठी 'इस्लामी संस्कृति' या नावाने महंमदाचे चरित्र लिहिले. या तिघांची कारणे फुल्यांपेक्षा निराळी होती. पण समजून घेण्याआधी निवाडा करायचा नाही, एवढे चौघांत समान होते.

२६/
अशा थोरांचे गौरवोद्गार आज प्रमाणपत्रासारखे फिरवले जातात. 'पाहा, अमक्यानेही आमच्या धर्माची स्तुती केली,' एवढाच त्यांचा उपयोग होतो. फुल्यांचा अखंड प्रमाणपत्र म्हणून लिहिलेला नाही. त्यात प्रश्न आहे आणि तो त्यांच्या स्वतःच्या समाजाला विचारलेला आहे: दूर अरबस्तानात एका माणसाने गुलामाला रांगेत शेजारी उभे केले, आपण आपल्या आडावर महाराला पाणी कधी भरू देणार? १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 'मानव महंमद' वाचायचा तो त्या हौदाच्या काठावर उभे राहून.